विद्यार्थ्याने विचारावे कोणाला?

जून-जुलैत महाविद्यालयांच्या आवारात जी गर्दी उसळते तिच्याविषयी वृत्तपत्रांत पुष्कळ लिहून येते. कोणत्या महाविद्यालयाची यादी किती टक्क्यांवर थांबली, कोणत्या शाखेच्या जागा रिकाम्या राहिल्या, शुल्क किती वाढले, याची चर्चा पंधरा-वीस दिवस चालते आणि गणपती आले की विरून जाते. त्यानंतर त्या विद्यार्थ्यांचे काय होते, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वस्तुत: ही गर्दी दोनदा ओसरते. एकदा प्रवेश संपल्यावर, आणि दुसऱ्यांदा, अगदी गुपचूप, पहिल्या सत्राचे निकाल लागल्यावर. प्रस्तुत लेख या दुसऱ्या ओहोटीविषयी आहे.

२०२५ च्या फेब्रुवारीतील एका शुक्रवारची गोष्ट. तास संपवून मी काही कागद देण्यासाठी कार्यालयात गेलो होतो. आमचे मुख्य लिपिक (आम्ही सारे त्यांना भाऊसाहेब म्हणत असू) यांच्या टेबलासमोर प्रथम वर्ष कला शाखेतील एक मुलगी उभी होती. तिच्या हातात महाविद्यालय सोडल्याचा दाखला मिळावा म्हणून केलेला अर्ज होता. अर्जावर वडिलांची सही होती, ग्रंथालयाचा 'नो ड्यूज'चा शिक्का होता, शुल्काची बाकी नव्हती. नियमाप्रमाणे आता भाऊसाहेबांनी सही करून दाखला द्यावयाचा, एवढेच उरले होते. दहा मिनिटांचे काम. त्यांनी मला पाहिले, पेन खाली ठेवले आणि म्हणाले, "सर, ही पोरगी काय म्हणते ते जरा ऐका. हे काही माझं काम नाही, पण सही करायला हात होईना."

मुलीचे म्हणणे एवढेच होते, की पहिल्या सत्रात दोन विषय राहिले, एटीकेटी लागली, म्हणजे वर्ष गेले. गावाहून एस.टी.ने येण्याजाण्यात दररोज तीन तास मोडतात. गेलेल्या वर्षापायी तो खटाटोप कशाला, असे घरी ठरले होते. वास्तविक एटीकेटी या इंग्रजी आद्याक्षरांचा अर्थच मुळी 'सत्र पुढे चालू ठेवण्यास परवानगी' असा आहे. आमच्या विद्यापीठाच्या नियमानुसार पहिल्या सत्रात विषय राहिले तरी दुसऱ्या सत्राला बसण्यास कोणतीही आडकाठी नाही. विद्यापीठाने तिला परवानगी दिली होती आणि ती मुलगी त्या परवानगीलाच शिक्षा समजून घरी निघाली होती. हे तिला समजावून सांगण्यास पाच मिनिटे लागली. तिने अर्ज परत घेतला. पुढे दोन्ही विषय सुटले आणि ती दुसऱ्या वर्षात गेली.

यात माझे कर्तृत्व काही नाही; असलीच तर शरम आहे. त्या मुलीला मी सहा महिने अर्थशास्त्र शिकवीत होतो. हजेरी घेताना तिचे नाव उच्चारीत होतो. मागणीची लवचिकता म्हणजे काय हे मी तिला उदाहरणे देऊन सांगितले होते. एटीकेटी म्हणजे काय हे मात्र सांगितले नव्हते. कारण ते सांगणे माझ्या कामाच्या कोणत्याही रकान्यात बसत नव्हते. ते भाऊसाहेबांच्याही रकान्यात नव्हते, हे त्यांनी स्वत:च बोलून दाखविले. त्याच वर्षी मे महिन्यात ते सेवानिवृत्त झाले. त्यांची जागा अद्याप भरली गेलेली नाही. खिडकीवर आता एक तरुण हंगामी लिपिक बसतो. मोठा तत्पर आहे. त्याच्याकडे दाखला दहा मिनिटांच्याही आत मिळतो.

वारशाने मिळणारी माहिती

जॉर्ज स्टिगलर या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ साली एका प्रसिद्ध निबंधात असे दाखवून दिले, की माहिती ही फुकट मिळणारी वस्तू नाही. ती शोधावी लागते, शोधण्यास वेळ आणि पैसा लागतो, आणि ज्याला हा खर्च जड जातो तो अपुऱ्या माहितीवरच आपला व्यवहार उरकतो. स्टिगलर यांच्यासमोर बाजारातील किमतींचा प्रश्न होता. परंतु महाविद्यालयात वीस वर्षे काढल्यानंतर मला असे वाटू लागले आहे, की त्यांच्या सिद्धान्ताचे याहून बोलके उदाहरण आपल्या प्रथम वर्षाच्या वर्गाखेरीज अन्यत्र सापडणे कठीण आहे.

एकाच बाकावर दोन विद्यार्थी बसले आहेत. एकाची आई माध्यमिक शाळेत शिक्षिका, मामा बँकेत. दुसऱ्याच्या घरात त्याच्याआधी कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही. दोघांचे शुल्क सारखे, प्राध्यापक तेच, ग्रंथालयही तेच. परंतु पहिल्याला रात्री जेवताना ताटावर सांगितले जाते, की बाबा, पुढे शिक्षक व्हावयाचे असेल तर बी.एड.ला अध्यापन-पद्धतीचा विषय निवडताना पदवीचा विषय पाहिला जातो, तेव्हा शाळेत शिकविला जाणारा विषय सोडू नकोस. अर्थशास्त्रात एम.ए. करावयाचे असेल तर नामवंत संस्थांच्या प्रवेशपरीक्षांत गणित आणि संख्याशास्त्र विचारतात, तेव्हा आत्तापासून ते थोडे चालू ठेव. हा सल्ला त्याला इतक्या सहज मिळतो, की आपल्याला काही मिळाले याची त्याला जाणीवही नसते. दुसऱ्या मुलाला हीच गोष्ट तिसऱ्या वर्षाच्या शेवटी, म्हणजे निवड करण्याची वेळ टळून गेल्यानंतर कळते. मग आपण म्हणतो, की त्याच्यात महत्त्वाकांक्षा नव्हती.

हा दुसरा मुलगा विचारतो कोणाला? बहुधा गावातील वर्ष-दोन वर्षे पुढे असलेल्या मुलाला, आणि त्याहूनही अधिक, महाविद्यालयासमोरच्या सायबर कॅफेवाल्याला. अतिशयोक्ती वाटेल, परंतु आज महाराष्ट्रातील निमशहरी महाविद्यालयांचा खरा शैक्षणिक सल्लागार हा सायबर कॅफेवालाच आहे. प्रवेशाचा अर्ज, परीक्षेचा अर्ज, महाडीबीटी संकेतस्थळावरील शिष्यवृत्तीचा अर्ज हे सारे त्याच्याच संगणकावर भरले जातात. उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचा लागतो, नॉन-क्रीमीलेअरची मुदत संपली असेल तर अर्ज परत येतो, बँकेचे खाते आधारशी जोडलेले नसेल तर मंजूर झालेली रक्कमही जमा होत नाही, ही सारी व्यवहारविद्या त्यालाच मुखोद्गत असते. त्याचा मी उपहास करीत नाही. तो आपले पन्नास रुपये घेतो आणि काम पुरे करून देतो. पण यादीतून विषय निवडून कळ दाबणारा हातही पुष्कळदा त्याचाच असतो. मागे दहा जणांची रांग उभी असते. तो विचारतो, "ओपन इलेक्टिव्ह कोणतं टाकू?" विद्यार्थी म्हणतो, "टाका कोणतंही." तीन वर्षांच्या शिक्षणाची दिशा या दोन वाक्यांत ठरते.

अलीकडे काही विद्यार्थी असले प्रश्न भ्रमणध्वनीलाच विचारतात. उत्तर शुद्ध मराठीत आणि मोठ्या आत्मविश्वासाने मिळते. फक्त ते कोणत्या विद्यापीठाच्या, कोणत्या वर्षीच्या नियमांवर आधारलेले आहे हे पाहण्याची सवय अजून त्यांना लागलेली नाही.

स्वातंत्र्य आले, सल्लागार आला नाही

मी पदवीचे शिक्षण घेत होतो तेव्हा, म्हणजे या शतकाच्या उंबरठ्यावर, या साऱ्याची फारशी गरज भासत नसे. विषयांचे ठरावीक गट असत. 'स्पेशल' कोणता घ्यावयाचा एवढाच काय तो प्रश्न, आणि त्याचेही उत्तर बरोबरीचे मित्र काय घेतात यावर ठरत असे. निवडच थोडी असल्यामुळे चुकण्याची संधीही थोडी होती. आता ती स्थिती राहिलेली नाही. केंद्र शासनाने २०२० साली नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण जाहीर केले. त्याला अनुसरून महाराष्ट्र शासनाने २० एप्रिल २०२३ च्या निर्णयान्वये पदवी अभ्यासक्रमांचा श्रेयांक-आराखडा ठरवून दिला आणि २०२४-२५ पासून तो संलग्न महाविद्यालयांत येऊन पोहोचला. या आराखड्यात मेजर आहे, मायनर आहे, ओपन इलेक्टिव्ह आहे. व्यावसायिक कौशल्याचा, क्षमतावर्धनाचा, मूल्यशिक्षणाचा, भारतीय ज्ञानपरंपरेचा असे निरनिराळे कप्पे आहेत. प्रत्यक्ष कार्यानुभव आहे, क्षेत्रीय प्रकल्प आहे. मेजर-मायनरचा निर्णय कोठे प्रवेशाच्या वेळी तर कोठे पहिले वर्ष संपताना करावा लागतो. खुद्द शिक्षकांना या कप्प्यांची इंग्रजी आद्याक्षरे पाठ करण्यास एक सत्र लागले. आमच्या शिक्षक-कक्षात ती यादी अद्याप भिंतीवर चिकटवलेली आहे, आणि ती केवळ शोभेसाठी नाही.

या धोरणाला माझा विरोध नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याला संख्याशास्त्राची तोंडओळख व्हावी, विज्ञानाच्या विद्यार्थ्याने मराठी साहित्य वाचावे, ही कल्पना चांगलीच आहे. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी आणि चौथ्यानंतर ऑनर्स अशा टप्प्याटप्प्याने बाहेर पडता यावे आणि मिळविलेले श्रेयांक अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये सात वर्षांपर्यंत जमा राहावेत, हीही सोय उपयुक्त आहे. मात्र ही सोय वापरणाऱ्याला तिची किंमत ठाऊक असावयास हवी. पहिल्या वर्षानंतर बाहेर पडून प्रमाणपत्र घ्यावयाचे तर चार जादा श्रेयांकांचे व्यावसायिक काम पुरे करावे लागते, ही अट किती विद्यार्थ्यांच्या कानांवर गेली आहे? चौथे वर्ष करावे की करू नये, हा प्रश्न तर अस्सल अर्थशास्त्राचाच आहे. ते केले तर पुढचे एम.ए. एका वर्षात होऊ शकते आणि पुरेसे गुण असल्यास संशोधनाची वाटही थेट खुली होते. उलट वर्षभराच्या मिळकतीवर पाणी सोडावे लागते. यालाच आम्ही वर्गात संधी-खर्च म्हणतो. ज्याच्या घरी त्या वर्षाच्या मिळकतीची वाट पाहिली जात आहे, त्याने हा हिशेब कोणासमवेत बसून मांडावयाचा?

ज्या अमेरिकेतून ही श्रेयांक आणि वैकल्पिक विषयांची पद्धत जगभर पसरली, तेथील इतिहास या बाबतीत लक्षात घेण्याजोगा आहे. चार्ल्स एलियट १८६९ साली हार्वर्डचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी विद्यार्थ्यांना विषय निवडण्याची मोकळीक देण्याचा सपाटा लावला. थोड्याच वर्षांत तेथील प्राध्यापकांच्या ध्यानात आले, की अठरा वर्षांच्या मुलासमोर शंभर विषयांची यादी ठेवली तर तो सोपे विषय निवडतो किंवा गोंधळून जातो. परिणामी १८८० च्या दशकाच्या अखेरीस तेथे नवागत विद्यार्थ्यांसाठी प्राध्यापकांचे एक सल्लागार मंडळ नेमले गेले. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने तर त्याआधीच प्रत्येक विद्यार्थ्याला एक सल्लागार प्राध्यापक नेमून देण्याची प्रथा पाडली होती. निवडीचे स्वातंत्र्य आणि सल्लागार ही जोडी तेथे अशी एकत्र वाढली. आपण त्या जोडीतील पहिला अर्धा भाग आणला. दुसऱ्या भागाला खर्च येतो.

आपल्या नियोजनकर्त्यांना हे सुचले नव्हते असे मात्र कोणी समजू नये. १९६४ ते १९६६ या काळात डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखाली जो शिक्षण आयोग काम करीत होता, त्याचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्यातील, गारगोटीच्या मौनी विद्यापीठाचे एक शिल्पकार. खेड्यातून येणारा विद्यार्थी म्हणजे काय हे त्यांना अहवाल वाचून समजून घ्यावे लागले नव्हते. विद्यार्थ्यांसाठीच्या सेवा हा केवळ कल्याणकार्याचा भाग नसून शिक्षणाचेच एक अविभाज्य अंग आहे, असे या आयोगाने स्पष्ट म्हटले होते. नव्या विद्यार्थ्यांसाठी वर्षारंभी उद्बोधन-वर्ग घ्यावेत, प्रत्येक विद्यार्थ्याला अभ्यासक्रमाची आखणी करण्यात साहाय्य करणारा एक सल्लागार नेमून द्यावा, दर हजार विद्यार्थ्यांमागे निदान एक समुपदेशक असावा, अशा त्याच्या शिफारशी आहेत. त्यांना आता साठ वर्षे होत आली. कोठारी आयोगाचे नाव आपण १०+२+३ च्या संदर्भात आदराने घेतो. ही पाने मात्र उघडली जात नाहीत.

त्याही पूर्वी महाराष्ट्रात हे काम वेगळ्या नावाने होत असे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी केली. भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे बोर्डिंग चालू केले. जेवणाखाण्याची सोय हा त्या वसतिगृहांचा दर्शनी भाग झाला. मुलाने काय शिकावे, कोठे जावे, फी कशी भरावी, नापास झाल्यास पुढे काय, हे सांगणारे वडीलधारे माणूस तेथे चोवीस तास उपलब्ध असे, ही गोष्टही तितकीच महत्त्वाची होती. आणि चर्नी रोडच्या बागेत पुस्तक वाचीत बसणाऱ्या एका मुलाकडे कृष्णराव अर्जुन केळूसकर या शिक्षकाचे लक्ष गेले, त्यांनी त्याला ग्रंथ दिले, पुढे सयाजीराव गायकवाडांपर्यंत नेऊन शिष्यवृत्ती मिळवून दिली, ही हकीकत तर आपल्याकडे शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. तो मुलगा १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात पोहोचला. आंबेडकरांच्या बुद्धिमत्तेविषयी बोलताना केळूसकर गुरुजींचा आपण कृतज्ञतेने उल्लेख करतो, ते योग्यच आहे. परंतु त्याच बागेत त्या काळी आणखी कितीतरी मुले पुस्तक घेऊन बसत असतील, आणि त्यांच्या बाकाजवळून कोणी केळूसकर गेले नसतील, हा विचार मला अस्वस्थ करतो.

नोंदवही आणि प्रत्यक्ष

आज याविषयी काहीच होत नाही, असे म्हटल्यास प्राचार्य मंडळी लगेच नोंदवही पुढे करतील. नॅकच्या मूल्यांकनात एका मार्गदर्शक शिक्षकामागे विद्यार्थी किती, याची विचारणा होऊ लागल्यापासून 'मेंटॉर-मेंटी' नावाची एक वही प्रत्येक विभागात तयार झाली आहे. पटावरील विद्यार्थ्यांना शिक्षकांच्या संख्येने भागावयाचे, आलेल्या भागाकाराप्रमाणे याद्या करावयाच्या, आणि समिती येण्यापूर्वीच्या आठवड्यात भेटींच्या तारखा व सह्या पुऱ्या करावयाच्या, हा त्या वहीचा बहुतेक ठिकाणचा इतिहास. अशा वहीवर मीही सह्या केल्या आहेत. माझ्या यादीत एका वर्षी ८४ विद्यार्थी होते. त्यांपैकी चेहऱ्याने मी कितीजणांना ओळखत होतो, हे येथे न सांगितलेलेच बरे. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाने विद्यापीठ स्तरावर विद्यार्थी विकास मंडळाची तरतूद केली आहे. त्याच्यामार्फत चालणाऱ्या 'कमवा व शिका'सारख्या योजनांनी अनेकांचे शिक्षण तगविले आहे, हे मी प्रत्यक्ष पाहिले आहे. तथापि महाविद्यालयात हे काम येते ते कोणा एका शिक्षकाच्या अतिरिक्त कार्यभाराच्या रूपाने.

येथेच खरी मेख आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत सहायक प्राध्यापकासाठी आठवड्याला थेट अध्यापनाचे १६ तास सांगितले आहेत. विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करण्याचा उल्लेखही त्या नियमावलीत आहे. परंतु अनुदानित महाविद्यालयात शिक्षकांची पदे मंजूर होतात ती अध्यापनाच्या कार्यभारावर, म्हणजे वेळापत्रकातील तासांवर. जे काम मोजले जाते त्यासाठी माणूस मिळतो. जे मोजले जात नाही ते सद्भावनेवर सोडले जाते. त्यातून भर अशी, की रिक्त पदांमुळे आज वर्गातील मोठा वाटा तासिका तत्त्वावरील शिक्षक उचलत आहेत. त्यांना मानधन तासागणिक मिळते. तास संपल्यावर जिन्यात एखाद्या विद्यार्थ्याने गाठून "सर, जरा विचारायचं होतं" असे म्हटले, तर त्या अर्ध्या तासाचा एक पैसाही त्यांना मिळत नाही, आणि दुसऱ्या महाविद्यालयातील पुढचा तास मात्र बुडतो. तरीही पुष्कळजण थांबतात. ते थांबतात म्हणून ही व्यवस्था कशीबशी चालली आहे.

सल्ल्यासाठी खर्च केल्याने काही फरक पडतो का, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या माणसाने विचारलाच पाहिजे. याविषयीचा सर्वांत चांगला पुरावा न्यू यॉर्क नगर विद्यापीठाच्या एका योजनेतून हाती आलेला आहे. २००७ साली तेथील दोन वर्षांच्या सामुदायिक महाविद्यालयांत ही योजना सुरू झाली. तेथील विद्यार्थीही बहुतांशी गरीब घरांतील, नोकरी सांभाळून शिकणारे. योजनेत एका सल्लागाराकडे साधारण ६० ते ८० विद्यार्थी सोपविले. नेहमीच्या व्यवस्थेत हीच संख्या सहाशेहून अधिक असे. सल्लागाराला नियमितपणे भेटणे सक्तीचे केले. त्याच्या जोडीला शुल्कातील तूट भरून दिली, पाठ्यपुस्तके दिली आणि प्रवासाचा पासही दिला. विद्यार्थी चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागून एका स्वतंत्र संशोधन संस्थेने तुलना केली, तेव्हा योजनेतील सुमारे ४० टक्के विद्यार्थी तीन वर्षांत पदवीपर्यंत पोहोचले. योजनेबाहेरचे २२ टक्के. दर विद्यार्थ्यामागे खर्च अर्थातच वाढला. परंतु एकंदर खर्चाला मिळालेल्या पदव्यांनी भागले, तेव्हा दर पदवीमागचा खर्च मात्र कमी भरला. अर्धवट सुटलेल्या शिक्षणावर झालेला खर्च कोणत्याच ताळेबंदात तोटा म्हणून दाखविला जात नाही, एवढ्यामुळेच स्वस्त व्यवस्था आपल्याला स्वस्त वाटत असते. न्यू यॉर्कचे आकडे येथे तसेच्या तसे लागू पडतील असा माझा दावा नाही. त्यातील पासाची गोष्ट मात्र आमच्या एस.टी.च्या मुलांना लगेच समजेल.

आपल्याकडे आता न्यायालयानेच या विषयाला हात घातला आहे. विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या प्रश्नावर निकाल देताना २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने काही मार्गदर्शक सूचना दिल्या. १०० किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा, असे त्यांत म्हटले आहे. लहान लहान गटांना मार्गदर्शक नेमून देण्याची सूचनाही आहे. २०२२ या एका वर्षात देशात १३,००० हून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, हे पाहता या सूचना वेळेवर आल्या असेही म्हणवत नाही. फक्त एक भीती वाटते. समुपदेशकाची एक खोली उघडली, दारावर पाटी लावली, की सर्व प्रश्नांची बोळवण तिकडे होऊ लागेल. मानसिक आधार आणि शैक्षणिक सल्ला या परस्परांना लागून असलेल्या, पण भिन्न गोष्टी आहेत. माझ्याकडे 'टेन्शन आलंय' म्हणून येणाऱ्या मुलांपैकी कितीतरी जणांचे टेन्शन शिष्यवृत्ती जमा न झाल्याचे, चुकीचा विषय पडल्याचे, किंवा गुणपत्रिकेत अनुपस्थिती लागल्याचे असते. त्याला दीर्घ श्वास घ्यावयास सांगून भागत नाही. त्याच्यासाठी कोणीतरी विद्यापीठात दूरध्वनी करावा लागतो.

मग करावयाचे काय? हिशेब फार अवघड नाही. १,२०० विद्यार्थ्यांचे एक महाविद्यालय धरा. दर ३० विद्यार्थ्यांच्या गटाला आठवड्यातून एक तास सल्ल्यासाठी दिला आणि तो अध्यापनाचाच तास म्हणून मोजला, तर आठवड्याचे ४० तास होतात. १६ तासांच्या मापाने ही अडीच पदे झाली. अडीच पदांच्या वेतनात १,२०० मुलांना विचारण्यासाठी एक माणूस आणि एक ठरलेली वेळ मिळते. तासिका तत्त्वावरील शिक्षकाने हा तास घेतला तर त्याचे मानधन त्याला मिळावे. त्याखेरीज प्रत्येक विद्यापीठाने आपले नियम, म्हणजे एटीकेटी, श्रेयांक, विषयबदल, बाहेर पडण्याच्या अटी, शिष्यवृत्तीच्या मुदती, आठ पानी मराठी पुस्तिकेत छापून प्रवेशाच्या पावतीसोबत हाती द्यावेत. संकेतस्थळावर कोठेतरी इंग्रजीत परिपत्रक आहे, एवढे पुरेसे मानू नये. आणि एक लहानशी गोष्ट, जिला काहीच खर्च येत नाही : महाविद्यालय सोडण्याच्या अर्जावर ग्रंथालयाच्या शिक्क्याबरोबर आणखी एका सहीची जागा असावी. पुस्तक परत केले की नाही हे आपण विचारतो, मग मूल का चालले हेही कोणीतरी विचारावे. किती मुले मधूनच गेली आणि कशासाठी गेली, याची नोंद आज कार्यालयात राहत नाही. राहते ती दिलेल्या दाखल्यांची.

शिक्षकबंधू म्हणतील, की आधीच कागदपत्रांचे ओझे कमी नाही, त्यात निवडणुकीची कामे. शिवाय विद्यार्थी बोलावूनही येत नाहीत. पहिली तक्रार खरी आहे आणि म्हणूनच हा तास मोजला जावा असे मी म्हणतो. दुसरी तक्रार अर्धीच खरी आहे. ज्याला काय विचारावे हेच ठाऊक नाही तो आपण होऊन येणार नाही. न्यू यॉर्कमध्ये भेट सक्तीची करावी लागली ती याच कारणाने. काही ज्येष्ठ सहकाऱ्यांचे मत असे, की आम्ही कोणाला न विचारता शिकलो, या मुलांना एवढे घास का भरवावेत? त्यांना मी त्यांच्या वडिलांचा व्यवसाय विचारतो. बहुधा उत्तरात शिक्षक, तलाठी किंवा पोस्टमास्तर निघतो.

नव्या शैक्षणिक वर्षाचे वेळापत्रक ठरत असताना मी विभागासाठी आठवड्यातून दोन तास मागितले. प्राचार्य सहृदय आहेत. त्यांनी मागणी नाकारली नाही. एवढेच विचारले, की कार्यभाराच्या तक्त्यात हे तास दाखवावयाचे कोठे? तक्ता वरून आलेला असतो, त्यात नवा रकाना आपल्याला वाढविता येत नाही. बराच वेळ विचार करून शेवटी एक तोड निघाली. मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी बारा ते एक, खोली क्रमांक ९. वेळापत्रकात हे तास 'ग्रंथालय-वाचन' या नावाखाली लिहिलेले आहेत. पहिल्या मंगळवारी चौघेजण आले, त्यांपैकी दोघांना खरोखरच पुस्तके हवी होती.